तारेवरही पाळीपत्रक हवे



गाडी काट्यावर चढते, वजन दिसते, पण पावती निघत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "नेट स्लो आहे." मागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वाढते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उताराही घटतो. हा तोटा शेवटी सभासदाच्याच पदरी पडतो. म्हणून संगणकाच्या जाळ्याचा हा विषय शेतकी विभागाचाही आहे, असे आम्ही मानतो.

काट्याच्या केबिनमधून ऑफिसकडे जाणारी सारी माहिती स्विच नावाच्या पेटीतून जाते. वजन, फोन, कॅमेऱ्यांची चित्रे, सगळ्यांना वाट एकच. एका पावतीची माहिती असते काही किलोबाइट. उलट एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो असे धरले, तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट होतात. वाट ५० मेगाबिटची असेल तर ती तुंबणारच. सांगून ठेवले नसेल तर स्विच आल्या क्रमाने माल पुढे ढकलतो आणि पावती चित्रांच्या मागे अडकते.

चांगल्या स्विचमध्ये यावर दोन उपाय असतात. पहिला अग्रक्रमाचा. माहितीवर ० ते ७ असे आठ दर्जांचे शिक्के मारता येतात. वरच्या दर्जाचा माल आधी सुटतो. दुसरा उपाय शेपिंगचा, म्हणजे चारीचे दार थोडे खाली करण्याचा. जादा ओघ मागे थोपतो व बेताने सुटतो. मात्र ओघ कायमच जास्त असेल तर नुसते थोपवून भागत नाही, कॅमेऱ्यांच्या चित्राचा दर्जाही उतरवावा लागतो.

कोणी म्हणेल, मोठी लाईन घ्या. पण बाहेरची लाईन वाढवल्याने केबिन ते ऑफिस ही आतली अरुंद वाट रुंद होत नाही. आधी शिस्त लावावी. तरीही पुरत नसेल तर आतली वाट बदलावी.

एक धोका ध्यानात घ्यावा. वरच्या दर्जात सगळ्यांनाच बसवले तर दर्जाला अर्थ उरत नाही. हेडवाल्याने पाणी ओढले की टेलवाला कोरडा राहतो, हे आपणांस सांगायला नको. तिथे फक्त काटा आणि फोन असावेत. कोणत्याही साहेबांच्या खोलीतला व्हिडिओ काट्याच्या वर नसावा.

हा क्रम पेटी बसवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. कालव्याच्या पाळीपत्रकासारखा तो संचालक मंडळाने ठरवून फलकावर लावावा. गाळप सुरू होण्यापूर्वी सर्व कॅमेरे चालू ठेवून पावती किती वेळात निघते, ते सभासदांसमक्ष तपासावे. येत्या सभेत आपण हे जरूर विचारा.