उपग्रहाचे तेज आणि आयुष्य

सूर्यास्तानंतर तासाभराने गच्चीवर उभे राहिले असता ताऱ्यांमधून एखादा ठिपका संथपणे सरकताना दिसतो. तो लुकलुकत नाही, त्याला विमानासारखे दिवे नसतात. तो कृत्रिम उपग्रह होय. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. आपल्याकडे रात्र झाली तरी त्या उंचीवर ऊन असते; तेच परावर्तित होऊन आपणांस दिसते. पृथ्वीच्या छायेत शिरताच तो भर आकाशात मावळतो.

क्वचित हा ठिपका एकाएकी उजळतो. ‘इरिडियम’ मालिकेचे पहिल्या पिढीतील उपग्रह त्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांच्या आरशासारख्या अँटेनांवरून सूर्याचा कवडसा पृथ्वीवर पडे, आणि तो ज्यांच्या अंगणावरून जाई त्यांना काही सेकंद शुक्राहूनही प्रखर तेज दिसे. त्याची वेळ गणिताने आधी सांगता येई. २०१७ पासून त्यांच्या जागी नवे उपग्रह आले, जुन्यांपैकी बहुतेक वातावरणात जळाले, आणि तो सोहळा संपला.

तेज क्षणाचे, परंतु वास्तव्य किती? ते मुख्यतः उंचीवर अवलंबून असते. शेकडो किलोमीटरांवरही अतिविरळ हवा असतेच. तिच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतो. १९५७ चा पहिला स्पुटनिक तीन महिन्यांत जळाला. सुमारे ६०० किलोमीटरांवर फिरणारा आपला ‘आर्यभट’ १९७५ पासून १९९२ पर्यंत टिकला. सूर्य खवळला की वरची हवा फुगते आणि घर्षण वाढते. म्हणूनच ‘स्कायलॅब’ अपेक्षेपूर्वी, १९७९ साली कोसळली. उलट १९५८ चा चिमुकला ‘व्हॅनगार्ड’ १९६४ पासून मुका असूनही अद्याप वर फिरतोच आहे.

आम्हांस विचार करण्याजोगी वाटते ती हीच गोष्ट. काम संपले म्हणून उपग्रह नाहीसा होत नाही. २००९ साली सुमारे ७९० किलोमीटरांवर एक चालू इरिडियम व एक निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले. एवढ्या उंचीवरचा कचरा अनेक दशके राहतो, आणि त्याच वाटेने जाणाऱ्या कामाच्या उपग्रहांना त्याचे भय असते. घर बांधताना आपण सांडपाण्याची वाट आधी आखतो. उपग्रह सोडतानाही त्याच्या परतीची वाट आधी आखलेली असावी, असे आम्ही म्हणू. आकाश आपल्या नातवंडांनाही पाहावयाचे आहे.