जत्रेतला डबा

२०२४ च्या ऑक्टोबरात अटलांटाला लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एका पाठकोऱ्या पाकिटावर गुणाकार करत होतो. पाठकोरा कागद टाकवत नाही, ही बँकेतली सवय. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आम्ही सहा जण पाच रात्रींसाठी जाणार होतो. मी, सौ., लेक, जावई, आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. तिकिटं निघाली होती, डिस्नेच्याच हॉटेलात खोल्या ठरल्या होत्या. प्रश्न एकच उरला होता, खाण्याचं काय?

लेकीचं ठरलेलं होतं. तिथे 'डायनिंग प्लॅन' नावाची सोय आहे, ती घ्यायची. जेवणाचे पैसे आधीच भरून टाकायचे आणि आत गेल्यावर पैशाचं नाव काढायचं नाही. त्या वर्षी मोठ्या माणसाला रात्रीमागे ९४ डॉलर २८ सेंट आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला २९ डॉलर ६९ सेंट पडत. चार मोठे, दोन लहान, म्हणजे रात्रीचे ४३६ डॉलर ५० सेंट. पाच रात्रींचे २१८२ डॉलर ५० सेंट. डॉलर तेव्हा ८४ रुपयांच्या आसपास होता. मी गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं. एक लाख त्र्याऐंशी हजार तीनशे तीस रुपये. नुसत्या जेवणाचे! एक स्वस्तातली योजनाही होती. तीत टेबलाशी बसून वाढून घ्यायचं नाही, काउंटरवरून आपलं आपण ताट उचलून आणायचं. तिचेही एक लाख पंधरा हजार सातशे चौऱ्याण्णव झाले.

मी बँकेत अधिकारी होतो. ज्यांनी ही नोकरी केलेली नाही त्यांना सांगतो, आम्हा लोकांचा पोटाशी असलेला हिशेब थोडा वाकडाच असतो. एलएफसी घेऊन कन्याकुमारीला जा नाहीतर श्रीनगरला जा, बँक प्रवासभाडं देई. वाटेत काय खाल्लं ते ज्याचं त्याने पाहावं. उलट बँकेच्या कामाने बाहेरगावी गेलं की हॉल्टिंग अलाउन्स मिळे. तो ठोक मिळे, म्हणून आम्ही साध्या खानावळीत जेवून त्यातले चार पैसे घरी आणत असू. स्वतःच्या सहलीत खाणं म्हणजे पदरमोड आणि कामाच्या दौऱ्यात न खाणं म्हणजे कमाई. अशी तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर माणसाची भूक आणि त्याचं पाकीट यांच्यातली भिंत पडते. मेनूकार्डाच्या उजव्या बाजूपासून वाचायला सुरुवात करणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला.

तेव्हा मी योजनेचे नियम वाचायला बसलो. नियमांची बारीक अक्षरं वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. रात्रीमागे प्रत्येकाला टेबलाशी बसून एक जेवण, काउंटरवरचं एक, एक किरकोळ खाणं आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येईल असा एक मग. वाढप्याची बक्षिसी वेगळी. एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच योजना घ्यायची. सासऱ्याने साधी आणि जावयाने भारी, असं चालत नाही. आणि मुख्य म्हणजे, न वापरलेली जेवणं निघण्याच्या दिवशी मध्यरात्री बुडतात. परतावा नाही.

हे शेवटचं कलम वाचल्यावर मला पुढचे पाच दिवस डोळ्यांपुढे दिसले. आमची ही संध्याकाळी वरणभाताची मूद खाते आणि वर ताक पिते. ती चौऱ्याण्णव डॉलर वसूल करणार कशी? भूक नसताना आम्ही खाल्लं असतं. पैसे भरलेत ना, मग मागव. परगावच्या लग्नात आहेर दिला म्हणून तिसरी जिलबी घेणारे लोक असतात, तशी आमची गत झाली असती. शिवाय टेबलाशी बसून जेवायचं म्हणजे सव्वा-दीड तास जातो. त्या साली तिथल्या एका दिवसाच्या तिकिटाची किंमत १०९ डॉलरपासून पुढे होती. तेवढं मोजून आत गेलेल्या माणसाचा दीड तास फुकट नसतो. ऊन उतरेपर्यंत दुखऱ्या गुडघ्यांना गार हवेत टेकायला मिळतं हेही खरं, पण दिवसातून दोनदा टेकायची गरज नाही.

असो. खाणं आणि करमणूक यांचं हे नातं मुळात कुठून सुरू झालं, ते पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात ब्युएना पार्क इथे नॉट नावाचं एक शेतकरी कुटुंब रस्त्याकडेला बेरी विकत असे. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, कॉर्डेलिया नॉट या बाईंनी स्वतःच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांतून कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली. ताटाला ६५ सेंट. गर्दी एवढी वाढली की लोक तासन् तास ताटकळू लागले. त्यांचा वेळ जावा म्हणून नवरा वॉल्टर याने १९४० पासून शेजारी एक जुनं ओसाड गाव उभारायला घेतलं. त्या गावाचं पुढे नॉट्स बेरी फार्म हे मोठं करमणूक उद्यान झालं. १९६८ मध्ये त्याला कुंपण पडलं आणि तिकीट लागलं. म्हणजे जेवण विकत आणि करमणूक फुकट, हा मूळ क्रम. कुंपण पडल्यावर तो उलटला असता तर समजण्यासारखं होतं. पण झालं असं की दोन्ही विकत झालं.

तिथून जवळच अनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांपैकी एकच काम वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहं निवडली, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण ऊन कडक, नळ कोरडे. लोक म्हणाले, पेप्सी खपावी म्हणून ही युक्ती आहे. आरोप खोटा होता. तरी कुंपणाच्या आतल्या पाणीवाल्याकडे संशयाने पाहायची गिऱ्हाइकाची दृष्टी त्या पहिल्याच दिवशी तयार झाली, ती आजतागायत तशीच आहे.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ च्या एका निबंधात या दृष्टीचा छान छडा लावला आहे. (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.) समुद्रकिनारी पडलेल्या तहानलेल्या माणसासाठी मित्र बिअर आणायला निघतो. किती पैशांपर्यंत आणू, असं विचारतो. बिअर तीच आणि पिणार किनाऱ्यावरच. पण ती भपकेबाज हॉटेलातून येणार असेल तर लोकांच्या उत्तरांचा मध्यक २ डॉलर ६५ सेंट निघाला, आणि कळकट वाण्याच्या दुकानातून येणार असेल तर दीड डॉलर. माणूस वस्तूची किंमत देत नाही, तो आपल्याला कोणी लुबाडलं नाही या समाधानाचीही किंमत लावतो. मला हे वाचून बरं वाटलं. मी चिकट नसून शास्त्रशुद्ध आहे, असं मी हिला सांगितलंही. तिने पोळ्या लाटायचं थांबवलं नाही.

एवढी तयारी करून मी लेकीसमोर पाठकोरं पाकीट ठेवलं. तिने आकडे पाहिले, म्हणाली, "बाबा, प्लॅन महाग आहे ते मलाही कळतं. पण तो नाही घेतला तर तुम्ही प्रत्येक दुकानासमोर पाटी वाचणार आणि 'मला भूक नाही' म्हणणार. पाच दिवस मला ते बघायचं नाही."

मग जरा थांबून म्हणाली, "एकदा बघितलंय."

ते १९९६ साल. ती नऊ वर्षांची होती. एलएफसीवर आम्ही एका मोठ्या शहराजवळच्या करमणूक उद्यानात गेलो होतो. हिने पहाटे उठून पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि दह्याची चटणी केली होती. दारावरच्या माणसाने पिशवी उघडली, डबा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवून घेतला. बाहेरचं खाणं आत चालत नाही; जाताना परत न्या. मी वाद घातला. मागे रांग खोळंबली. शेवटी आत गेलो, पण डोक्यात राख घालून. ठरवलं, यांच्या दुकानात एक पैसा टाकायचा नाही. दुपारी लेकीने मक्याच्या लाह्यांच्या गाडीकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "बाहेर गेल्यावर." तीनला पुन्हा विचारलं, तेव्हा हिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साडेचारला बाहेर पडून झाडाखाली बसून आम्ही तो डबा खाल्ला. चटणी आंबली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ती गोष्ट बँकेत डबा खाताना सांगत असे, दिवसभर आत राहून त्यांना एक पैसा मिळू दिला नाही म्हणून. सहकारी हसत, दाद देत.

त्या दिवशी तीन वाजता तिला काय वाटलं असेल, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही.

आपल्याकडचा हा बाहेरच्या डब्याचा वाद आता न्यायालयात जाऊन आलेला आहे. चित्रपटगृहांच्या बाबतीत ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे; पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायला हवं. कायदा म्हणून मला हे पटतं. दुकान त्याचं, अट त्याची. गंमत अशी की ज्या डिस्नेला सगळे महागाईचा राजा म्हणतात, तिथे घरचा डबा आत नेऊ देतात. काच नको, दारू नको, सुटा बर्फ नको, अशा काही अटी आहेत. काउंटरवर मागितलं तर गार पाण्याचा पेला फुकट मिळतो. मी हे नियम तीनदा वाचले. २८ वर्षांनी डब्याला परवाना मिळाला होता, आणि हातात तो घेऊन जाण्याची माझी हौसच गेली होती.

रात्री झोप येईना तेव्हा मला आमच्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. कर्ज दोन तऱ्हांनी देता येतं. एक, दर वेळी कर्जदाराने यायचं, कारण सांगायचं, आपण प्रश्न विचारायचे आणि मंजुरी द्यायची. दुसरी तऱ्हा कॅश क्रेडिटची. वर्षातून एकदा बसून, कुवत बघून मर्यादा ठरवायची. मग त्या मर्यादेच्या आत तो रोज काय उचलतो, कशासाठी उचलतो, हे शाखाधिकाऱ्याने दर वेळी विचारायचं नाही. विचारलं तर धंदा चालत नाही आणि गिऱ्हाईकही टिकत नाही. मी जन्मभर वाण्यांना, यंत्रमागवाल्यांना, साखर कारखान्याच्या ठेकेदारांना कॅश क्रेडिट दिलं. घरच्यांना मात्र दर लाह्यांच्या पुडीगणिक अर्ज करायला लावला. लेकीला डायनिंग प्लॅनमधून खरं हवं होतं ते जेवण नव्हतंच. मागावं लागू नये, एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ती दोन हजार डॉलर मोजायला निघाली होती.

सकाळी मी माझा प्रस्ताव मांडला. प्लॅन नको. सकाळचं खाणं खोलीत, घरून आणलेल्या धपाट्यांचं आणि दुधाचं. पाच दिवसांचे मिळून बाराशे डॉलर मंजूर. त्यातले रोजचे पंधरा-पंधरा डॉलर नातवंडांचे स्वतःचे, त्यांचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. एकच जेवण टेबलाशी बसून. एवढं झाल्यावर कोणी पाटी वाचायची नाही. स्वस्तातल्या योजनेपेक्षा हे पावणेदोनशे डॉलरनेच कमी होतं, त्यामुळे मी फार काही वाचवलं असा दावा करत नाही. जावयाने बाराशे डॉलरची डिस्नेची गिफ्ट कार्डं आणली. लेकीने ती माझ्या हातात दिली. "खर्च तुम्ही करायचा," ती म्हणाली. "आम्ही कोणी मागणार नाही. तुम्हीच विचारायचं, काय हवं म्हणून."

ही शिक्षा आहे हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मर्यादा देणं सोपं असतं, ती वापरायची म्हणजे अवघड. पहिल्या दिवशी माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी नातीने पंधरा डॉलर अकरा वाजायच्या आत मिकीच्या कानांच्या आइस्क्रीमवर आणि कसल्याशा पेयावर संपवले. दिवसभर ती कुरकुरली नाही. नातवाने मात्र एक डॉलरही खर्च केला नाही आणि रात्री पैसे मोजून उशीखाली ठेवले. त्याच्याकडे पाहून हिने माझ्याकडे जी नजर टाकली, तिचं वर्णन मी करत नाही.

टेबलाशी बसून जेवलो ते 'सना' नावाच्या खाणावळीत. ॲनिमल किंगडम लॉजच्या आवारात आहे. आफ्रिकी पदार्थांना हिंदुस्थानी मसाले, अशी तिची तऱ्हा. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पाच तऱ्हांचे नान-कुलचे-पराठे आणि नऊ वाट्यांतून चटण्या, लोणची, रायतं. त्याला वीसेक डॉलर. पुण्यापासून एवढं लांब येऊन चिंचेच्या चटणीला एवढे पैसे! माझे ओठ हलू लागले, गुणाकार सुरू झाला होता. तेवढ्यात खिडकीबाहेर एक जिराफ आला आणि झाडाचा पाला ओढून खाऊ लागला. नातू ओरडला. लेक कोथिंबिरीच्या चटणीची वाटी पुसून खात होती. हिने नानचा तुकडा मोडून माझ्या ताटात टाकला. मी दुसरी थाळी मागवली.

शेवटच्या संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये आतषबाजी सुरू व्हायच्या आधी आम्ही दाराजवळच्या मोठ्या रस्त्यावर उभे होतो. तिथे लाह्यांची गाडी आहे. मी लेकीला विचारलं, "घ्यायच्या?"

"पोट भरलंय, बाबा," ती म्हणाली.

मी घेतल्या. नातवंडांनी अर्ध्या खाल्ल्या, अर्ध्या सांडल्या. आतषबाजी संपेपर्यंत पुडी तिच्याच हातात होती आणि बोलता बोलता तीही खात होती.

शेवटच्या कार्डावर तीन डॉलर बासष्ट सेंट उरले. तेवढ्यात काही येत नव्हतं. या कार्डाला मुदत नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. ते पुण्याला माझ्या पाकिटात, पेन्शनच्या पासबुकाला लावलेल्या रबरबँडात आहे.