मोह कुणाचा, लाज कुणाची?

१/ चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव मागे टाकत लोणावळ्याकडे निघालेली लोकल मळवलीला थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून या गावी आला. जर्मन यंत्रांवर छापलेल्या त्यांच्या रंगीत चित्रांनी देवादिकांना सामान्यांच्या भिंतींवर स्थान दिले.

२/ १८९४ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतला जन्म’ मानले जाते. मेनका तान्हे मूल पुढे करते आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवतो. मोहाचा क्षण सरला आहे. चित्रात उरली आहे ती लाज.

३/ युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रकारांनाही या जोडीने खिळवून ठेवले होते. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपलमध्ये १४२५ च्या सुमारास मासोलिनो व मासाच्चो यांनी समोरासमोर दोन भित्तिचित्रे रंगवली. मासोलिनोच्या चित्रात आदम आणि इव्ह निश्चल उभे आहेत; झाडावरच्या सापाला स्त्रीचे मुख आहे. मोहाला बाईचा चेहरा देण्याची रूढी ती हीच.

४/ मासाच्चोच्या चित्रात दोघे स्वर्गीय उद्यानातून हाकलले जातात. इव्ह हातांनी देह झाकते, आदम दोन्ही हातांनी चेहरा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांच्या कमरेवर पाने रंगवली गेली. १९८० च्या दशकातील जीर्णोद्धारात ती काढण्यात आली. आदमचा झाकलेला चेहरा मात्र या साऱ्या काळात कुणाला खुपला नाही.

५/ तरीही आदम इव्हच्या सोबतीने चालतो. विश्वामित्र तेवढेही करत नाही. महाभारताच्या आदिपर्वात हा नकाराचा प्रसंग नाही. तेथे मेनका बालिकेला मालिनी नदीकाठी सोडून इंद्रसभेत परतते. रविवर्मा यांच्या चित्रात मूल आईच्या हाती आहे आणि पाठ फिरवणारा पिता आहे. दोषाचे पारडे येथे स्पष्टपणे दुसरीकडे झुकते.

६/ शिवाय मेनका स्वेच्छेने आलेली नाही. सिंहासन जाईल या भयाने इंद्राने तिला पाठवले आणि ऋषीच्या कोपाची धास्ती तिलाही होती. कट इंद्राचा, स्खलन ऋषीचे. तरी तपोभंगाची कथा सांगताना बोट तिच्याकडेच दाखवले जाते.

७/ ‘मेनका’ हे नाव मराठीत आजही भुरळ घालणाऱ्या स्त्रीसाठी वापरले जाते. पण जबाबदारी झटकण्याला ‘विश्वामित्री पवित्रा’ म्हणणारीही हीच मराठी. पुराणिकांनी सौम्य केलेला दोष या दोन शब्दांनी नेमका पकडला आहे.

८/ म्हणून अशी धार्मिक चित्रे पाहताना भुरळ कुणी घातली, एवढाच प्रश्न पुरत नाही. चेहरा कुणी लपवला आणि मूल कुणाच्या हाती उरले, हेही पाहिले पाहिजे. मळवलीच्या छापखान्याची चित्रे ज्या घरांत लागली, तेथे पिढ्यान्‌पिढ्या मेनकेचे सौंदर्य पाहिले गेले. तिने पुढे केलेले मूल पाहायचे अजून राहून गेले आहे.