ज्येष्ठांची सवलत आणि याचिकांची मर्यादा

रेल भवनातून १९ मार्च २०२० रोजी निघालेल्या आदेशाने ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातील सवलत दुसऱ्या दिवसापासून स्थगित झाली. कारण साथीचे होते. वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा, घरी थांबावे, हा हेतू सांगितला गेला आणि त्या दिवसांत त्याला कुणी आक्षेप घेतला नाही; घेण्याजोगी परिस्थितीही नव्हती. पुढे टाळेबंदी उठली, नोव्हेंबर २०२१ पासून गाड्या नेहमीच्या क्रमांकांनी धावू लागल्या, फलाटांवरील गर्दी पूर्ववत झाली. सवलत मात्र परतली नाही. मार्च २०२२ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेला जे कारण सांगितले, त्यात साथीची जागा तिजोरीने घेतलेली होती. प्रवासी उत्पन्न घटले आहे, सवलतींचा भार मोठा आहे, सबब पुन्हा सवलत देणे इष्ट नाही, असा त्याचा आशय होता. ज्या कारणासाठी सवलत थांबविली ते कारण संपले आणि थांबविणे तेवढे शिल्लक राहिले.

राजधानीतील मराठी माणसाला हा विषय परका नाही. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेला, निवृत्तीनंतर द्वारका, नोएडा किंवा गाझियाबादेत मुलांपाशी राहिलेला माणूस वर्षातून दोनदा तरी झेलम, गोवा एक्स्प्रेस किंवा पंजाब मेल धरतोच. कधी शेताच्या सातबाऱ्यासाठी, कधी भावकीतल्या लग्नासाठी. साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रीला ५० टक्के सूट होती, तेव्हा वृद्ध दाम्पत्याचा खर्च एका तिकिटापेक्षा फारसा अधिक होत नसे. आज दोन पूर्ण तिकिटे काढावी लागतात. निवृत्त सचिवाला याची झळ जाणवणार नाही. पहाडगंज-करोलबागेत दुकानात किंवा खासगी कचेरीत आयुष्य काढलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला ती जाणवते, आणि अशांची संख्या आपल्यात कमी नाही.

म्हणून गेली काही वर्षे सह्यांची निवेदने फिरत आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांचे ठराव होतात, खासदारांना पत्रे जातात. अशा याचिकांनी एखादी सवलत वाचते काय, किंवा गेलेली परत येते काय, हा प्रश्न भावनेपेक्षा अनुभवाच्या आधारे तपासलेला बरा.

न्यायालयाचा अनुभव स्पष्ट आहे. सवलत पुन्हा सुरू करावी या मागणीची याचिका एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायमूर्ती संजय किशन कौल व न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या पीठाने असा परमादेश देणे न्यायालयाला उचित होणार नाही, ज्येष्ठांच्या गरजा व आर्थिक परिणाम पाहून निर्णय सरकारने घ्यावयाचा आहे, अशी भूमिका घेतली. कायद्याच्या दृष्टीने याखेरीज दुसरे काही निघणे कठीणच होते. ही सवलत कोणत्याही अधिनियमाने दिलेली नव्हती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा कायदा पोटगी, वृद्धाश्रम, रुग्णालयातील सोय, मालमत्तेचे रक्षण यांविषयी बोलतो; प्रवासाविषयी नाही. वृद्धांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात प्रवास सवलतींचा उल्लेख आहे, परंतु धोरणावर फिर्याद लावता येत नाही.

त्यातही एक विसंगती नोंदवावीशी वाटते. पुरुषांची सवलत ३० वरून ४० टक्के करणे आणि स्त्रियांची वयोमर्यादा ६० वरून ५८ वर आणणे, या घोषणा ममता बॅनर्जी यांनी २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात केल्या होत्या, लोकसभेत, बाके वाजत असताना. काढून घेण्यासाठी मात्र सभागृहाची गरज पडली नाही. दरम्यान २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पच उरला नाही. खासदारांना भाड्याच्या आणि सवलतींच्या प्रश्नावर मंत्र्याला वर्षातून एकदा हमखास धरता येत असे, ती जागा त्याबरोबर गेली.

संसदेचा दुसरा दरवाजा समित्यांचा. भाजपचेच राधामोहन सिंह अध्यक्ष असलेल्या रेल्वेविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये निदान स्लीपर व थर्ड एसी या वर्गांत सवलत परत देण्याचा सहानुभूतीने विचार करावा, असे सुचविले. सत्ताधारी पक्षाच्या ज्येष्ठ खासदाराच्या समितीची ही शिफारस. तिला रेल्वेने दिलेले उत्तर तेच: २०१९-२० मध्ये प्रवासी भाड्यावर ५९,८३७ कोटी रुपयांचे अनुदान दिले, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला सरासरी ५३ टक्के सूट मिळतेच आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो उपनगरी गाड्यांपासून पासधारकांपर्यंत सर्वांचा आहे. त्याच वर्षी ज्येष्ठांच्या सवलतीपोटी सोडून द्यावे लागलेले उत्पन्न रेल्वेच्याच माहितीप्रमाणे १,६६७ कोटी होते. एकूण अनुदानाच्या तुलनेत शंभर रुपयांमागे तीन रुपयेही नाहीत.

दुसऱ्या बाजूने पाहा. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार २० मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२५ या काळात सुमारे ३१.३५ कोटी ज्येष्ठ प्रवाशांनी पूर्ण भाडे भरले आणि सवलत नसल्यामुळे रेल्वेला सुमारे ८,९१३ कोटी रुपये अधिक मिळाले. असा पैसा एकदा जमेच्या बाजूला येऊ लागला की लेखा विभाग तो सहजी सोडत नाही. खरे तर सवलत आटविण्याची इच्छा साथीच्या आधीची आहे. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदानाच्या धर्तीवर २०१७ मध्ये सवलत अर्धी वा पूर्ण सोडण्याचा पर्याय तिकिटावर आला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात त्याची फलनिष्पत्ती मांडली: ४.४१ कोटी ज्येष्ठ प्रवाशांपैकी पूर्ण सवलत सोडणारे १०.९ लाख, अर्धी सोडणारे ७.५३ लाख. स्वेच्छेने न सुटलेली सवलत काही महिन्यांनी साथीने सोडविली, असे म्हटले तर तो आरोप होईल. परंतु क्रम तसा आहे.

याचिकेवर लोकांचा विश्वास का टिकून आहे, हे समजण्यासाठी निवृत्तिवेतनाकडे वळावे लागते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ बद्दलची याचिका राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने २०१३ मध्ये किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून मिळाले १,००० रुपये, आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळ आकडा तेथेच थबकला. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीचे निवृत्त कामगार, ज्यांत बुलडाणा आणि विदर्भातील पुष्कळ आहेत, जंतरमंतरवर ७,५०० रुपयांची मागणी घेऊन वारंवार येत राहिले. हे तर स्वतःच्या वर्गणीतून उभे राहिलेले वेतन. जेथे वर्गणीच नाही, तेथील अवस्था अधिक बिकट. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांनी पेन्शन परिषदेच्या वतीने २०१२ मध्ये जंतरमंतरवर वृद्धांना बसविले, सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले. माजी कायदामंत्री अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांच्या हक्कांच्या बाजूने निकाल दिला आणि केंद्राने वृद्ध निवृत्तिवेतनाचा फेरविचार करावा, असे सांगितले. म्हणजे याचिका जिंकली. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतील ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा मात्र २००७ मध्ये होता तोच राहिला: महिन्याला २०० रुपये.

मग सवलती कोठे टिकतात आणि कोठे वाढतात? महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. त्यासाठी कुणी लाखो सह्या गोळा केल्याचे ऐकिवात नाही; नवे सरकार नुकतेच आले होते आणि त्याला लोकांच्या सदिच्छेची निकड होती. त्याहून महत्त्वाचा भाग हिशेबाचा आहे. एसटीने सोडलेल्या भाड्याची प्रतिपूर्ती राज्य सरकार करते. ती थकते, महामंडळ कुरकुरते, पण देयक कुणाच्या नावे आहे याबद्दल संदेह नसतो. रेल्वेत तसे नाही. सवलतीचा बोजा रेल्वेने स्वतःच, मालवाहतुकीच्या नफ्यातून, सोसायचा. ज्याच्या खिशातून जाते तो निवडणूक लढवीत नाही, आणि जो निवडणूक लढवितो त्याच्या खिशातून जात नाही. अशा अवस्थेत याचिका कुणाच्याच मेजावर जड होत नाही.

ब्रिटनमधील दोन प्रकरणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. तेथे ७५ वर्षांवरील सर्वांना दूरचित्रवाणीचा परवाना विनामूल्य होता आणि खर्च सरकार देत असे. २०१५ च्या करारात हा भार बीबीसीवर ढकलला गेला. बीबीसीने ऑगस्ट २०२० पासून ती सोय केवळ गरीब निवृत्तांपुरती ठेवली. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एज यूके या संस्थेने जमविलेल्या सहा लाखांहून अधिक सह्या निरुपयोगी ठरल्या. २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने हिवाळ्यातील इंधन भत्ता अशाच रीतीने आटविला आणि सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता गेला. याही वेळी त्याच संस्थेच्या याचिकेवर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. फरक इतकाच की भत्ता थेट अर्थमंत्र्यांच्या हातात होता आणि मे २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकांत पक्षाला फटका बसला. जूनमध्ये ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भत्ता परत देण्याचे जाहीर झाले. सह्यांचा आकडा पहिल्या वेळी अधिक होता, हे विसरू नये.

दिल्लीत याचे प्रत्यंतर अलीकडेच आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मंजूर केले, पण आम आदमी पक्षाच्या सरकारने योजना स्वीकारली नव्हती. दिल्लीतील भाजपचे सातही खासदार उच्च न्यायालयात गेले. सातही मतदारसंघांचे प्रतिनिधी याचिकाकर्ते, यापेक्षा वजनदार याचिका कोणती असू शकते? तरीही वृद्धांच्या हाती पत्रिका पडली ती फेब्रुवारी २०२५ च्या सत्तांतरानंतर: एप्रिलच्या प्रारंभी केंद्राशी करार झाला आणि महिनाअखेरीस वाटप सुरू झाले.

याचा अर्थ निवेदने लिहूच नयेत असा नाही. स्थायी समितीची शिफारस आज जी कागदावर आहे ती ज्येष्ठांच्या रेट्याशिवाय आली नसती, आणि २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात काँग्रेसला ही सवलत परत देण्याचे आश्वासन लिहावे लागले नसते. प्रश्न निवेदनात काय मागायचे याचा आहे. सरसकट सर्व वर्गांत पूर्वीची सवलत मागितली की, प्रथम वर्गाने जाणाऱ्या सधनाला अर्धे भाडे कशासाठी, हा रेल्वेचा प्रतिप्रश्न ठरलेला, आणि तो अयोग्यही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते समितीने सुचविलेली स्लीपर आणि थर्ड एसीची मर्यादा मान्य करावी व त्यासोबत एक गोष्ट हट्टाने मागावी: या सवलतीची प्रतिपूर्ती सर्वसाधारण अर्थसंकल्पातून, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, रेल्वेला मिळावी. राजधानीतील आपले अनेक वाचक अशी लेखाशीर्षे उघडण्या-मिटविण्यातच सेवेची वर्षे घालवून निवृत्त झाले आहेत. शीर्ष असले की त्यावरील तरतूद कमी करण्यासाठी दरवर्षी सभागृहाला आकडा दाखवावा लागतो, आणि मंत्र्याला तो आकडा स्वतःच्या नावाने कमी करावा लागतो, हे त्यांना सांगावयास नको. रेल्वेच्या अनुदान मागण्या स्थायी समितीपुढे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्यंतरात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, येतात. महाराष्ट्राचे ४८ खासदार तेव्हा दिल्लीतच असतात.