कॅमेरा छातीवर, कळ कोणाच्या हाती?

सोनईहून अवघ्या काही किलोमीटरवर असलेले शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वदूर परिचित आहे. २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा त्या बातमीचे कौतुक देशभर झाले. गावकऱ्यांच्या या निर्धास्तपणामागे एक साधी श्रद्धा आहे. कोणी पाहत नसले तरी शनिदेव पाहतो आणि चोराला शासन करतो, ही ती श्रद्धा. आपल्या कृतीला साक्षी आहे ही जाणीव माणसाला सन्मार्गावर ठेवते, हे आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राज्याच्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याची तपशीलवार व्यवस्था सांगितलेली आहे. सत्ता ज्याच्या हाती, त्याच्यावर लक्ष अधिक, हे त्यामागचे सूत्र आहे.

पोलिसांच्या छातीवर बसविला जाणारा बॉडी कॅमेरा हा याच सूत्राचा आजचा आविष्कार म्हणावा लागेल. परंतु शनिदेवाच्या दृष्टीत आणि या यंत्रात एक मूलभूत अंतर आहे. देवाच्या दृष्टीला कळ नसते. कॅमेऱ्याला ती असते आणि ती त्याच माणसाच्या बोटाखाली असते, ज्याच्या वर्तनाची नोंद व्हायची आहे. म्हणूनच किती कॅमेरे खरेदी झाले, यापेक्षा ते वापरण्याचे नियम काय आहेत आणि ते मोडल्यास काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

सोनईने दिलेला धडा

सोनई हे नाव महाराष्ट्राने १ जानेवारी २०१३ च्या घटनेनंतर वेदनेने उच्चारले. जातीच्या खोट्या अभिमानापोटी तीन तरुणांची तेथे निर्घृण हत्या झाली. समरसतेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाला अंतर्मुख करणारी ती घटना होती. खटला पुढे नाशिकच्या न्यायालयात चालला आणि २० जानेवारी २०१८ रोजी सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. सरकार पक्षाची सारी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीवर होती.

अशा खटल्यांत पोलीस घटनास्थळी पोहोचल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक ठरतात. कोणती वस्तू कोठे पडली होती, कोण काय बोलले, कोणी काय लपविण्याचा प्रयत्न केला, हे सारे पंचनाम्याच्या दोन-चार कागदांत मावत नाही. शिवाय पंच हा गावातलाच असतो. ज्यांच्या विरोधात सही करायची, त्यांच्याच शेजारी त्याला जन्म काढायचा असतो. न्यायालयात उभा राहिल्यावर तो फितूर झाला, तर केवळ त्याला दोष देऊन भागत नाही. दुर्बळाच्या बाजूने उभा राहील आणि दबावाला बळी पडणार नाही, असा साक्षीदार ग्रामीण भागात दुर्मीळ असतो. नियमाने चालणारा कॅमेरा ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकतो.

कायदा पुढे गेला आहे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या दिशेने ठोस पाऊल टाकले. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे पोलिसांना बंधनकारक झाले असून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे यांचीही तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ब्रिटिशकालीन चौकटीत केवळ कागदावर विसंबणाऱ्या तपासाला मिळालेली ही नवी दिशा स्वागतार्ह आहे.

मात्र कलम १०५ झडतीपुरते बोलते आणि चित्रीकरणासाठी मोबाइलला प्राधान्य देते. नाकाबंदी, जमाव पांगविणे, अटक, रात्रीची गस्त, रस्त्यावरची बाचाबाची हे सारे प्रसंग त्याबाहेर राहतात. शिपायाचा एक हात मोबाइल धरण्यात गुंतला, तर जमावासमोर तो काय करणार? बॉडी कॅमेऱ्याची खरी गरज येथेच आहे.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाने ठार मारले. वृद्ध साधू पोलिसाचा आधार शोधत असल्याचे हृदयद्रावक दृश्य देशाने पाहिले, ते जमावातील मोबाइलमधून. पोलिसांच्या स्वतःच्या बाजूने त्या रात्रीचा अखंड दृश्य वृत्तान्त समाजापुढे आला नाही. कोण पुढे होते, कोणी चिथावले, कोणता पोलीस धैर्याने उभा राहिला आणि कोण मागे सरला, हे ठरविण्यासाठी तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या चित्रफितींवर विसंबावे लागणे हे राज्यव्यवस्थेला भूषणावह नाही.

पश्चिमेचा अनुभव काय सांगतो?

कॅमेरा लावला की सारे सुधारते, असा भाबडा समज बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील रिआल्टो या छोट्या शहरात २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगात पोलिसांच्या बळाचा वापर निम्म्याहून खाली आला आणि तक्रारी फार मोठ्या प्रमाणात घटल्या. जगभर त्याचा गाजावाजा झाला. परंतु २०१७ मध्ये वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या अभ्यासात कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांच्या वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही.

या विसंगतीवर प्रकाश टाकणारे एक निरीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक शहरांतील प्रयोगांवर आधारित संशोधनात आहे. जेथे पोलिसांनी ठरल्या नियमाप्रमाणे कॅमेरा सुरू ठेवला, तेथे बळाचा वापर कमी झाला. जेथे कळ केव्हा दाबायची हे त्यांच्या मर्जीवर राहिले, तेथे तो उलट वाढला. यंत्र तेच होते, नियमपालनात फरक होता.

आपल्या देशाचा अनुभवही वेगळा नाही. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश दिला. चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपून ठेवावे, असेही त्यात बजावले. तरीही कोठडीतील मृत्यूंच्या वृत्ताची दखल घेत सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला याच विषयात स्वतःहून पुन्हा लक्ष घालावे लागले. बिघाड झाला, साठवण संपली, वीज नव्हती ही उत्तरे ठाण्याठाण्यांतून मिळत असतील, तर भिंतीवरचा कॅमेरा केवळ शोभेचा राहतो. छातीवरच्या कॅमेऱ्याचेही तेच होऊ द्यायचे काय?

नियम कसे असावेत?

पहिला नियम कळीचा. अटक, झडती, नाकाबंदी, बळाचा वापर आणि जमावाशी सामना या प्रसंगी कॅमेरा सुरू असणे अनिवार्य असावे. तो बंद केल्यास त्याचे कारण बंद करण्यापूर्वी तोंडी नोंदवावे आणि नंतर स्टेशन डायरीत लिहावे. कारणाविना बंद आढळल्यास ती शिस्तभंगाची बाब ठरावी आणि त्या प्रसंगाविषयीच्या पोलिसाच्या कथनाची छाननी अधिक कठोरपणे व्हावी.

दुसरा नियम साठवणीचा. चित्रीकरण त्याच ठाण्याच्या ताब्यात राहता कामा नये. पाळी संपताच ते जिल्हा पातळीवरील सुरक्षित साठ्यात जमा व्हावे. कोणी केव्हा पाहिले याची नोंद आपोआप राहावी आणि मूळ प्रत पुसण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला नसावा. पुराव्याच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे. चित्रफीत आहे, पण प्रमाणपत्र नाही, अशी स्थिती झाली तर गुन्हेगार हसत बाहेर पडेल.

तिसरा नियम मर्यादेचा. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. अत्याचारपीडित भगिनीचा जबाब, लहान मुले, रुग्णालयातील उपचार आणि गुप्त माहिती देणारा खबऱ्या यांच्याबाबत वेगळे आणि कडक नियम हवेत. एखाद्या घरात पोलीस शिरले, तर त्या घरातील मातेचे अश्रू उद्या कोणाच्या मोबाइलवर करमणूक म्हणून फिरणार नाहीत, याची हमी शासनाने द्यायला हवी. चित्रीकरण बाहेर फोडणाऱ्यास निलंबनावर न थांबता शिक्षा झाली पाहिजे.

चौथा नियम समन्यायाचा. चित्रीकरण पोलिसांना सोयीचे असेल तेव्हा तत्परतेने बाहेर येते आणि गैरसोयीचे असेल तेव्हा सापडत नाही, असा अनुभव येऊ लागला तर संपूर्ण योजनेवरचा विश्वास उडेल. ज्याच्यावर कारवाई झाली त्यालाही न्यायालयामार्फत ठरावीक मुदतीत ते पाहता आले पाहिजे.

पोलिसांचेही हित

अशा नियमांमुळे पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप घेतला जातो. तो मनापासून घेतला जात असेल, तर त्याचा आदराने विचार व्हायला हवा. सणावारी घरापासून दूर बंदोबस्तावर उभा असलेला, अपुऱ्या झोपेवर काम करणारा शिपाई हाही समाजाचाच पुत्र आहे. शनी अमावास्येच्या लोटलेल्या गर्दीत तोच रांग सांभाळतो. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईत आझाद मैदानावर उसळलेल्या दंगलीत पोलीस जखमी झाले आणि महिला पोलिसांची विटंबना झाली, हे विसरता येत नाही. त्या दंगलखोरांचा माग काढण्यासाठी छायाचित्रे आणि सीसीटीव्हीचाच आधार घ्यावा लागला.

खोट्या तक्रारींपासून, राजकीय दडपणापासून आणि जमावाच्या उद्दामपणापासून प्रामाणिक पोलिसाचे रक्षण करणारा कॅमेऱ्यासारखा दुसरा साथीदार नाही. वरिष्ठाने किंवा पुढाऱ्याने बेकायदा आदेश दिला, तर ‘साहेब, कॅमेरा सुरू आहे’ हे चार शब्द त्याला पुरेसे ठरतील. ज्याला आपल्या कर्तव्याची लाज नाही, त्याला नोंदीची भीती असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जन कोण आणि खल कोण, याचा निवाडा मात्र पोलिसाने रस्त्यावर करायचा नसतो. तो पुराव्यावर न्यायासनाने करायचा असतो. समाजातील जागृत घटकांनीही आपला वाटा उचलायला हवा. तालुक्याच्या ठाण्यात कॅमेरे आहेत काय, त्यांचे नियम मराठीतून ठाण्याच्या फलकावर लावले आहेत काय, हे शांतता समितीच्या बैठकीत विचारणे अवघड नाही. असे प्रश्न शत्रुत्वाने विचारण्याची गरज नाही, आपलेपणाने विचारता येतात.

दारे नसलेल्या घरांच्या शिंगणापुरातही २०१० साली चोरीची तक्रार झालीच होती. तरी गावाने दारे बसविली नाहीत. विश्वास हा एकदा मिळवून संपत नाही, तो रोज राखावा लागतो, हे त्या गावाला उमगले आहे. पोलिसांवरील विश्वासही तसाच राखावा लागेल. त्यासाठी कॅमेऱ्याची कळ एका माणसाच्या मर्जीतून काढून नियमाच्या हाती सोपविणे, हे शासनाचे तातडीचे कर्तव्य आहे.