जळीत घरातला धुराचा वास



मिरजगावजवळच्या एका वस्तीवरून पत्र आले आहे. चैत्रात घराला लागून रचलेली कडब्याची गंज पेटली आणि आग पडवीत शिरली. माणसे, जनावरे सुखरूप राहिली. पडवी गेली, आतले दोन खण धुराने काळे पडले. घरच्यांनी भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, सकाळ-संध्याकाळ धूप फिरवला. वास गेला असे वाटले. पण मृगाचा पाऊस पडला आणि घर कालच जळाल्यासारखा दर्प सुटला. सासूबाई ओसरीवर निजतात, आत पाऊल टाकत नाहीत. धाकट्या मुलीचा खोकला थांबत नाही. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, कोठीतली बियाण्याची ज्वारी रब्बीला पेरावी की नको?

बाईंची मेहनत वाया गेली याचे वाईट वाटते, पण चूक कुठे झाली ते सांगायलाच हवे. धूर हवेबरोबर निघून जातो, वास राहतो तो काजळीत. ही काजळी कोरडी राख नसते. तिच्यात तेलकट आणि आंबट अंश असतात, ते मातीत, लाकडात, कापसात मुरतात. हवा दमट झाली की तेच अंश पुन्हा सुटू लागतात, म्हणून पहिल्या पावसात वास परत आला. चुना काजळीवर बसला, भिंतीवर बसलाच नाही. आणि धूप म्हणाल, तर तो धुरावर आणखी धूर. खोकणाऱ्या पोरीच्या घरात तो आधी बंद करा.

तुम्ही म्हणाल, चुलीच्या धुरात आपला जन्म गेला, बियाण्याची कणसेसुद्धा आपण चुलीवर टांगत आलो. खरे आहे. पण जळीत घराचा धूर चुलीचा नव्हे. त्यात प्लॅस्टिकची पोती, पाइप, वायरीवरचे आवरण, गादीचा फोम असे काय काय जळलेले असते. ती काजळी श्वासात जाऊ देऊ नये. साफसफाई करताना नाकातोंडाला फडके घट्ट बांधा, मास्क मिळाला तर अधिक चांगले. मुले आणि दम्याची माणसे तेवढे दिवस दुसऱ्या घरी ठेवा.

ज्यांच्या घरी आग नुकतीच लागली असेल त्यांनी केरसुणी हातात घेण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, फोटो काढून ठेवावेत. घर स्वच्छ केल्यावर नुकसान दाखवायचे कशावरून? वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये. जळलेल्या तुळईखाली काम करण्याआधी ती भार धरते की नाही हे सुताराला किंवा गवंड्याला दाखवावे.

आता काम. आपल्या कर्जत तालुक्यात पाणी जपून वापरावे लागते, आणि या कामात ते सोयीचेच आहे, कारण सुरुवात कोरडीच करायची असते. काजळीवर ओले फडके फिरवले की ती पसरते आणि आत मुरते. दारे-खिडक्या उघडा, पंखा मात्र लावू नका. वरून खाली या: आधी किलच्या, मग तुळया, मग भिंती. मऊ कुंच्याने हलक्या हाताने झाडा, कोरड्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. फडके काळे झाले की घडी उलटा. कंटाळवाणे काम आहे, दोन-तीन दिवस जातात, पण निम्मा वास इथेच जातो.

मातीच्या भिंतीचा वरचा पोपडा किंचित पाणी शिंपडून खरवडून काढा. ती माती घराबाहेर टाका. काटकसर म्हणून तीच पुन्हा कालवून लिंपू नका, वास परत घरात येईल. मग नवी पांढरी माती लिंपा. जमीन सारवलेली असेल तर तीही अशीच खरवडून पुन्हा सारवा. सिमेंटची भिंत असेल तर बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून धुवा, आणि हे धुणे खालून वर करा. वरून सुरू केले तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर बसतात आणि निघत नाहीत. सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला. लाकडाचा जळका थर तासून घ्या, बाकीचे पिळलेल्या फडक्याने पुसा. सगळे खडखडीत वाळल्यावर मग चुना द्या. स्वच्छ भिंतीवर चुना खरोखर उपयोगी पडतो, उरलेले आंबट अंश तो मारतो.

एक धोका सांगते. वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, तो जीवघेणा आहे.

कपडे आधी बाहेर झटका, मग सोड्याच्या थंड पाण्यात भिजवून धुवा. वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. रेशमी लुगडे सोड्यात घालू नका, सावलीत वाऱ्यावर टांगा. गोधड्या धुऊन बरेच दिवस उन्हात उलटसुलट कराव्या लागतील. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. फोमच्या गादीचा मोह सोडा. स्टीलची भांडी सोड्याने निघतात, पण अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांना सोडा लावू नका, ती काळी पडतात. रांजण, माठ यांत वास मुरतो, ते नवेच घ्यावेत.

धान्याविषयी मन घट्ट करावे लागते. धुराचा वास लागलेले, तापलेले किंवा आगीचे पाणी लागलेले धान्य खाऊ नये. घरात औषध फवारणीच्या बाटल्या किंवा प्लॅस्टिक जळाले असेल तर उघड्यावरचे धान्य आणि कडबा जनावरांनाही घालू नये. झाकण घट्ट असलेल्या पत्र्याच्या कोठीत, आच न लागलेले, वास नसलेले धान्य ठीक असते. कोठी बाहेरून पुसल्याशिवाय मात्र झाकण उघडू नका.

बियाण्याचा प्रश्न निराळा आहे. तिथे वासापेक्षा आच महत्त्वाची. दाणा वरून टपोरा दिसतो आणि आतला कोंब मेलेला असतो, ते डोळ्यांनी कळत नाही. कोठीच्या वरून, मधून आणि तळातून ज्वारी घ्या, मिसळून न निवडता शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. चौथ्या दिवशी पाहा, दहाव्या दिवशी शेवटचे मोजा. पंचाहत्तर किंवा अधिक चांगले कोंब आले तर बेलाशक पेरा, प्रमाणित बियाण्यालाही तेवढीच उगवण लागते. थोडे कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवा. निम्म्याहूनही कमी असेल तर नवे बियाणे घ्या.

बाई, रब्बीच्या पेरणीला अजून अवकाश आहे. गोणपाट आजच भिजवा, आणि शंभरात किती उगवले ते कळवा. भिंती खरवडायच्या त्या मात्र पावसाची उघडीप पाहून. सासूबाई आत निजायला आल्या का, तेही लिहा.