आधी परिपत्रक दाखवा

गेले काही महिने वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. खिशात पास, गळ्यात लहानसा मिररलेस, त्यावर २८ किंवा ३५ एमएमची प्राइम. ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही. फलाटावर दोन फ्रेम घेतल्या की शिट्टी वाजते. ‘परवानगी आहे का?’ कोणाची, असं विचारलं तर ‘साहेबांची’. साहेब कोण, कुठे बसतात, हे सांगता येत नाही. मग कार्ड दाखवा, फोटो डिलीट करा, नाहीतर ऑफिसात चला. शेजारीच कोणी मोबाइलवर रील करत असतो, त्याला कोणी हटकत नाही. कॅमेरा मोठा दिसला की बंदी, याला नियम म्हणता येणार नाही.

मुंबईने ११ जुलै २००६ सोसला आहे, २६ नोव्हेंबर २००८ सोसला आहे. सुरक्षेची काळजी आम्हालाही आहे, आणि फलाटावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यावर आमचा राग नाही. काय चालतं आणि काय नाही, हे त्याच्या हाती कोणी लेखी दिलेलंच नाही. राग आहे तो ते न देणाऱ्या वरिष्ठांवर.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९८९च्या रेल्वे कायद्यात छायाचित्रणाबद्दल वेगळं कलम नाही. १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याचा धाक घातला जातो, पण त्यातही रेल्वेची जागा ‘प्रतिबंधित’ ठरते ती केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली तरच. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी आणि शुल्क लागतं, ते योग्यच आहे. पण नोकरीवर जाता-येता हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो म्हणजे चित्रीकरण नव्हे. राहिला डिलीटचा प्रश्न. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांना वस्तू जप्त करता येते, आणि तिची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. फोटो पुसायला लावण्याची तरतूद त्यात नाही. फोटो खरोखरच गुन्ह्याचा असेल, तर तो पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. निर्दोष असेल, तर पुसायला लावणारे तुम्ही कोण?

मुंबई परिसरातली दोन जागतिक वारसास्थळं शेजारी ठेवून पाहा. घारापुरी १९८७ मध्ये यादीत आलं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये. घारापुरी पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि त्या खात्याने जुलै २०१८ मध्ये अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालाचं समाधिगृह वगळून आपली स्मारकं कॅमेऱ्याला खुली केली. एक आदेश निघाला आणि प्रश्न मिटला. रेल्वेला हे का जमू नये? याच रेल्वेने स्थानकांवर सेल्फी बूथ उभारले. त्यातल्या कायमस्वरूपी बूथला प्रत्येकी ६.२५ लाख रुपये लागल्याचं मध्य रेल्वेने माहिती अधिकारात कळवलं होतं. बूथसाठी पैसे मिळतात, एका पानाच्या परिपत्रकासाठी सवड मिळत नाही. न्यूयॉर्कच्या सबवेत छायाचित्रणावर बंदी आणायचा प्रस्ताव होता, तो २००५ मध्ये सोडून दिला गेला. तिथल्या नियमाचा गाभा एका वाक्याचा आहे: फोटो काढा, दिवे, रिफ्लेक्टर, ट्रायपॉड आणू नका. आम्हाला तेवढंच हवं आहे.

हा हट्ट छंदापुरता नाही. १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. शेवटच्या दिवशी कॅमेऱ्यांची झुंबड होती, पण वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावरून रोजचं शहर कसं दिसे, ते ज्यांनी आधी वर्षानुवर्षं टिपलं त्यांच्याकडेच आज ते आहे. २५ डिसेंबर २०१७ ला एसी लोकल आली आणि उघड्या दाराची, जाळीच्या खिडकीची फ्रेम तिथे संपली. आता रबर हूड काचेला टेकवून प्रतिबिंबं टाळत बसा. साधी लोकलही एक दिवस जाईल. रघू राय यांची १९९५ची चर्चगेटची फ्रेम आठवा: गर्दी धूसर होऊन वाहते आहे आणि पेपर वाचणारी माणसं स्थिर. तसा स्लो शटर आज एखाद्या नवशिक्याने फलाटावर लावून पाहावा. दुसऱ्या एक्स्पोजरच्या आत शिट्टी वाजेल.

आता आपल्या मंडळींना. दारात लटकून पॅनिंग करणारे, झोपलेल्या प्रवाशाच्या तोंडाशी वाइड लेन्स नेणारे, ‘नको’ म्हणणाऱ्या बाईची फ्रेम तरीही ठेवणारे, या सगळ्यांमुळे आपली बाजू लंगडी पडते. पायरीवरून प्रवास हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे. त्यात पकडलं गेल्यास या मासिकाकडे दाद मागू नका. महिला डब्यातल्या सहप्रवासिनी छायाचित्रकार अनुश्री फडणवीस यांनी रोजच्या प्रवासातून टिपल्या, कारण त्या स्वतः त्याच डब्यातल्या होत्या. ते काम तसंच व्हावं, पुरुषांनी तिथे डोकावू नये.

आणि निमूटपणे फोटो डिलीट करून घरी येऊन आम्हाला चार पानी पत्र लिहिणाऱ्यांनो, ते पत्र पत्ता चुकलं आहे. अडवलं तर आवाज चढवू नका. नियमाचा क्रमांक आणि तारीख विचारा, स्टेशन मास्तरांकडे चला म्हणा, तक्रारवहीत नोंद करा. त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विचारा: तिकीटधारक प्रवाशाला बिगरव्यावसायिक स्थिरचित्रण करण्यास मनाई करणारं परिपत्रक कोणतं, कोणत्या कलमाखाली, आणि फोटो पुसायला लावण्याचा अधिकार कोणाला? मध्य आणि पश्चिम रेल्वेला वेगवेगळे अर्ज करा, बेस्टला तिसरा. शुल्क १० रुपये, अर्ज मराठीत चालतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आलेल्या उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवा. ‘असं परिपत्रक उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं, तरी तेही पाठवा. आम्ही ते जसंच्या तसं पहिल्या पानावर छापू.